इम्पॅक्ट सॉकेट: पूर्ण संच घ्यावा की मोजके नग?

प्रश्न: पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णीजवळ माझे टायर व पंक्चरचे दुकान आहे. मोटारी आणि पिकअपसाठी नट फिरवणारी अर्धा इंची बॅटरीवरची इम्पॅक्ट गन, तर ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्यांसाठी एक इंची हवेची गन वापरतो. गेल्या हंगामात स्वस्त काळ्या संचातील दोन सॉकेट (गनवर चढवायच्या गोट्या) चिरली, 32 मिलिमीटरचे एक आतून फाकले आणि त्याने ट्रकच्या दोन नटांचे कोपरे खाल्ले. वडील म्हणतात, घरातला जुना चकचकीत गोटी-संच चांगल्या पोलादाचा आहे, तोच गनला लाव. दुकानदार जपानी माल दाखवतो, पण किंमत ऐकून हात आखडतो. टिकाऊ आणि परवडणारी सॉकेट निवडायची तरी कशी? मोठा संच एकदाच घेऊन टाकू का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. संच घेऊ नका. आपल्या कामाचे वर्णन पाहता रोज लागणारी मापे चार-पाचच असणार. त्या मापांचे चांगले नग सुटे घ्यावेत आणि सर्वांत जास्त चालणाऱ्या दोन मापांचा एकेक नग जादा ठेवावा. वीस-बावीस नगांच्या पेटीत आपले पैसे वाटले जातात, त्यातली निम्मी मापे कधी नटावर चढतच नाहीत, आणि ज्या 32 च्या सॉकेटवर हंगामभर आपला धंदा चालतो ते मात्र पेटीतल्या बाकीच्यांइतकेच सुमार निघते. पेटीची किंमत भागिले नगांची संख्या केली की सॉकेट स्वस्त पडल्यासारखे वाटते. भागाकार वापरातल्या नगांनी केला तर तेच सॉकेट महाग ठरते.

वडिलांच्या संचाबद्दल मात्र स्पष्टच सांगितले पाहिजे. त्या सॉकेटचे पोलाद चांगले असेलही, पण ते हाताच्या कामासाठी घडवलेले आहे. हाताने फिरवायची चकचकीत सॉकेट बहुतेक वेळा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची असतात, त्यांची भिंत पातळ असते आणि अडचणीच्या जागी झीज न होता चालावे म्हणून ती जास्त कडक केलेली असतात. हाताचा जोर सलग येतो, त्यामुळे ही कडकपणाची निवड तिथे योग्यच ठरते. गन मात्र सलग जोर लावत नाही. तिच्या आतला हातोडा मिनिटाला शेकडो-हजारो ठोके मारतो, आणि असे ठोके बसले की कडक धातू न वाकता एकदम तडकतो. वरचा क्रोमचा मुलामाही पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्याच्या कडा पात्याइतक्या धारदार असतात. तुकडा उडाला तर तो नटाकडे वाकलेल्या माणसाच्या तोंडाकडेच येणार. तो संच रॅचेट आणि टी-हँडलला वापरावा, गनच्या खणात चुकूनही ठेवू नये. शक्यतो दोन्ही सॉकेट वेगळ्या भिंतींवर टांगावीत, कारण घाईच्या वेळी नवा पोऱ्या रंग पाहत नाही, माप पाहतो.

इम्पॅक्ट सॉकेटसाठी क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद वापरतात. आपल्याकडे लेथवाले ज्याला ईएन 19 म्हणतात ते याच कुळातले. ते योग्य तापमानाला कडक करून पुन्हा पुरेसे मवाळ केले, तर ठोका खाऊन किंचित लवते आणि पूर्ववत होते. सॉकेटची भिंत जाड ठेवतात आणि वर मुलाम्याऐवजी काळा फॉस्फेट किंवा ऑक्साइडचा थर देतात. पण काळा रंग हा काही पुरावा नव्हे. साध्या कार्बन पोलादाच्या सॉकेटलाही काळे करता येते, आणि बाजारात तसे सर्रास केले जाते. आपली चिरलेली सॉकेट त्यातलीच असावीत असा माझा अंदाज आहे, कारण आपण वर्णन केलेल्या दोन खोड्या एकाच कारणाकडे बोट दाखवतात. एकाच संचातले एक सॉकेट चिरते आणि दुसरे फाकते, म्हणजे एक गरजेपेक्षा कडक राहिले आणि दुसरे गरजेपेक्षा मऊ. पोलाद कोणतेही असो, त्या कारखान्यात उष्णतोपचारावर कोणाचे लक्ष नव्हते, एवढे यावरून म्हणता येते.

उष्णतोपचार डोळ्यांनी दिसत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून जे दिसते त्यावरून न दिसणाऱ्याचा अंदाज बांधावा लागतो. दुकानात जाताना खिशात व्हर्नियर आणि ट्रकचा एक कोरा, न वापरलेला नट घेऊन जा. सॉकेट हातात घेतल्यावर आधी त्याच्या तोंडाकडून आत पाहा. चांगल्या सॉकेटच्या षट्‌कोनाचे सहाही कोपरे तीक्ष्ण टोकासारखे नसतात, तर आत किंचित गोलाई देऊन मोकळे सोडलेले असतात. त्यामुळे जोर नटाच्या कोपऱ्यावर न येता कोपऱ्यापासून थोडा आत, सपाट बाजूवर येतो. आपल्या ग्राहकाचे नट गोल होणे यामुळेच टळते, शिवाय सॉकेटलाही कोपऱ्यातून चीर जात नाही. कोपरा धारदार असेल तर चीर हमखास तिथूनच सुरू होते. बारा कोपऱ्यांचे सॉकेट गनसाठी घेऊच नये. त्याची नटावरची पकड मुळातच कोपऱ्यापाशी असते.

मग तो कोरा नट सॉकेटमध्ये घालून अंगठ्याने डावी-उजवीकडे हलवून पाहावा. नट सहज बसला पाहिजे, पण खुळखुळता कामा नये. एकाच मापाची चार-पाच सॉकेट समोर मांडून घ्यावीत आणि सर्वांत कमी हलणारे निवडावे. दुकानदार कंटाळला तरी चालेल. स्वस्त मालात एकाच ढिगातल्या दोन नगांत जाणवण्याइतका फरक सापडतो, आणि तो फरक सापडणे हीच त्या ढिगाबद्दलची सर्वांत मोलाची माहिती असते. त्यानंतर सॉकेट काउंटरच्या काचेवर आडवे घरंगळून पाहा. ते डुगडुगत गेले तर भोक मध्यावर नाही, म्हणजे भिंत एका बाजूला पातळ आहे. असे सॉकेट गनवर थरथरते आणि पातळ बाजूनेच फुटते.

छाप्याकडेही पाहावे. आकारमान, उत्पादकाचे चिन्ह आणि क्रोम-मॉलिब्डेनमचा उल्लेख सॉकेटच्या अंगावर असावा, नुसत्या पुठ्ठ्यावर नको. आयएसओ 2725-2 किंवा डीआयएन 3129 ही मानके खास यंत्राने चालवायच्या सॉकेटसाठी आहेत; त्यांपैकी एखाद्याचा उल्लेख कंपनीच्या माहितीपत्रकात असेल तर ती कंपनी निदान मोजमापाची भाषा जाणते. वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापणे वैधमापन शास्त्राच्या 2011 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ज्या पाकिटावर हे काहीच नाही, त्या मालाबाबत तक्रार करायला पुढे कोणी सापडणार नाही. लोहचुंबक लावून पोलादाची पारख करणारे काहीजण भेटतात. त्याचा इथे काडीचाही उपयोग नाही, दोन्ही पोलादे सारखीच चिकटतात.

आता मापांविषयी. मोटारींच्या चाकांना मारुतीच्या बहुतेक गाड्यांत 19, ह्युंदाई आणि टोयोटाला 21, तर फोक्सवॅगन-स्कोडाच्या बोल्टना 17 लागते. अर्ध्या इंचात हे तीन नग घेतले की बहुतेक काम भागते. अलॉय व्हीलसाठी पातळ भिंतीचे आणि बाहेरून प्लास्टिकची नळी असलेले सॉकेट मिळते. ते जरूर घ्यावे, पण फक्त अलॉयसाठीच वापरावे, कारण भिंत पातळ करण्यासाठी त्यातले पोलाद कमी केलेले असते. ट्रकसाठी 32 आणि 33 दोन्ही जवळ ठेवा. अनेकजण 33 ने दोन्ही चालवतात आणि नटांचे कोपरे त्याच पापाने जातात. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांबाबत एक सावधगिरी सांगतो. जुन्या ट्रॅक्टरांचे काही नट इंची मापाचे असतात. सव्वा इंच म्हणजे 31.75 मिलिमीटर, त्यावर 32 चे सॉकेट निभावून नेता येते. पण सात अष्टमांश इंच म्हणजे 22.2 मिलिमीटर होते, त्यावर 22 चे सॉकेट चढेलच असे नाही आणि 23 चे सैल पडते. तिथे ठोकून बसवण्यापेक्षा इंची सॉकेटचा एक नग घेणे स्वस्त पडते. लोक सांगतील त्यापेक्षा व्हर्नियर सांगेल त्यावर विश्वास ठेवावा, कारण गंजलेला नट मूळ मापापेक्षा लहान झालेला असतो.

आपल्याकडे दोन गन आहेत, तेव्हा मोह होईल तो अडॅप्टरचा: एक इंची गनला अडॅप्टर लावून पाऊण किंवा अर्धा इंची सॉकेट चालवण्याचा. तो मोह आवरावा. चौक म्हणजे गनच्या टोकाचा, सॉकेट ज्यावर बसते तो चौकोनी दांडा. त्याची पीळ सोसण्याची ताकद त्याच्या बाजूच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे एक इंची चौक अर्ध्या इंचीच्या दुप्पट नव्हे, तर आठपट ताकदीचा असतो, आणि पाऊण इंची चौक सुमारे सव्वातीनपटींहून थोडा जास्त. एक इंची गनच्या टोकाला अर्धा इंची चौक लावणे म्हणजे आठपट जोर सोसणाऱ्या यंत्राच्या शेवटी सर्वांत अशक्त दुवा आपल्याच हाताने जोडणे होय. उलट दिशेने, म्हणजे अर्ध्या इंची गनवर पाऊण इंची सॉकेट चालवण्यात धोका कमी आहे, पण ठोक्याचा जोर सांध्यांच्या फटीत मुरतो आणि नट सुटत नाही. हीच गोष्ट लांब एक्स्टेन्शनची. स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) नटाच्या बाहेर लांब आलेला असेल तर आखूड सॉकेट व एक्स्टेन्शन जोडण्यापेक्षा एकसंध खोल सॉकेट घ्यावे. जिथे सांधा नाही तिथे जोरही मुरत नाही आणि उडून जाणारा भागही राहत नाही.

आपल्या पत्रात ज्याचा उल्लेखही नाही, तो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नवे सॉकेट आणण्यापूर्वी गनचा चौक तपासा. उजेडात धरून त्याच्या कडा पाहाव्यात. कडा गोल झाल्या असतील किंवा एकाच बाजूने चकाकत असतील, तर तो चौक झिजला आहे आणि त्यावर चढवलेले कोणतेही सॉकेट, जपानी असो वा देशी, थोड्याच दिवसांत आतून फाकणार. हे नुकसान दोन्ही बाजूंनी चालते. फाकलेले सॉकेट नव्या चौकाच्या कडा खाते आणि झिजलेला चौक नव्या सॉकेटचे चौकोनी भोक मोठे करतो. आपले 32 चे सॉकेट तोंडाकडे फाकले की चौकाकडे, हे आपण लिहिलेले नाही. चौकाकडे फाकले असेल तर दोष निम्मा गनचा समजावा. चौक बदलण्याचा खर्च सॉकेटच्या कितीतरी पट असतो. म्हणून सॉकेटचे भोक सैल झाल्याचे दिसताच ते बाजूला काढणे, त्यात अजून दम आहे असे वाटले तरीही, हीच काटकसर आहे.

एक इंची सॉकेट गनवर पिन आणि रबरी रिंग लावून अडकवायचे असते. आपल्या भागातल्या अनेक दुकानांत पिनेच्या जागी तारेचा तुकडा किंवा तोडलेला खिळा आणि रिंगेच्या जागी ट्यूबची चकती दिसते. ट्यूबची चकती एक वेळ चालवून घेता येईल, पण तार नको. गन फिरत असताना तार सरकते, सॉकेट पुढे घसरते, अर्ध्याच चौकावर सारा जोर येतो आणि भोकाची कड तुटते. पिन आणि रिंग सॉकेटच्या मापाप्रमाणे वेगवेगळ्या येतात व त्यांची किंमत नगण्य असते. सॉकेट घेताना त्याच्यासोबतच दोन-दोन जोड मागून घ्यावेत.

किमतीचा हिशेब असा मांडून पाहा. समजा, एक सॉकेट 300 रुपयांना मिळते आणि एक हंगाम चालते. दुसरे 900 रुपयांना मिळते आणि तीन हंगाम चालते. कागदावर दोन्ही सारखीच. पण पहिल्याने जाता जाता एखाद्या ट्रकचा एक जरी नट गोल केला, तर तो गॅसने कापणे, स्टड ठोकून बाहेर काढणे, नवा स्टड-नट बसवणे आणि तेवढा वेळ ट्रक अडकून पडणे हे सर्व आपल्या खात्यात येते. म्हणून 32 आणि 33 या मापांत मधल्या दर्जाच्या वर जायला मी सांगेन, आणि क्वचित लागणाऱ्या मापांत साधे देशी इम्पॅक्ट सॉकेट पुरे म्हणेन. सरसकट सगळेच जपानी घेण्याची गरज नाही. कोकेनसारख्या जपानी कंपन्यांचा माल उत्तम असतो यात वाद नाही, पण त्यांच्या किमतीत पातळ भिंत, अचूक बसणे, नाजूक जागी पोहोचणे या गोष्टींचेही पैसे असतात. उघड्यावर असलेल्या ट्रकच्या नटाला त्यांचा फारसा उपयोग नाही. तैवानमधील ताइचुंग हे हत्यारांचे मोठे केंद्र असून तिथल्या किंग टोनीसारख्या कंपन्यांचा माल मधल्या किमतीत बसतो. देशी उत्पादकांत जालंधर-लुधियाना परिसरातून हातहत्यारांची मोठी निर्यात होते, आणि नाशिकच्या सातपूरमधील तापडिया 1969 पासून हातहत्यारे बनवत आली आहे. या नावांच्या यादीतून खास इम्पॅक्टचा म्हणून छापलेला नग मागा, कारण एकाच कंपनीची हाताची आणि गनची सॉकेट वेगळी असतात. सोलापुरात मनासारखे मिळाले नाही तर पुण्याची बोहरी आळी किंवा मुंबईची नागदेवी स्ट्रीट गाठावी. तिथे सुटा नग हाताळून घेता येतो, आणि ऑनलाइन खरेदीत नेमकी हीच सोय नसते.

बिल पक्के घ्यावे. आपण जीएसटी नोंदणीकृत असाल आणि कंपोझिशन योजनेत नसाल तर त्यावरील कराची वजावट मिळते, म्हणजे कच्च्या बिलातली सवलत बऱ्याचदा फसवीच असते. हमीबाबत आधीच विचारून ठेवावे: हातहत्यारांची ‘आजीवन’ हमी इम्पॅक्ट सॉकेटच्या झिजेला सहसा लागू नसते, तडा गेला तरच बदलून मिळते.

सॉकेट कितीही चांगले असले तरी ते किती टिकेल हे गनच्या घोड्यावरच्या बोटावर अवलंबून असते. नट पाच-सात सेकंदांत हलला नाही तर गन थांबवावी. त्यापुढचे ठोके नट सोडवत नाहीत, सॉकेट आणि चौक यांनाच कुटतात. बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने घासावेत, गंज सोडवणारे तेल मारावे, थोडा वेळ द्यावा. हवेच्या गनला चालू असताना गनपाशी 90 पीएसआय दाब मिळतो का, हेही एकदा मोजून घ्यावे. लांब आणि बारीक पाइपमुळे दाब पडतो, गन नुसतीच खडखडते आणि आपण सॉकेटला दोष देतो. नट गॅसने तापवला असेल तर लाल नटावर सॉकेट चढवू नये, कारण त्या उष्णतेने सॉकेटचा पाणी दिलेला कडकपणा उतरतो आणि पुढच्याच ट्रकला ते फाकते. टायर चढवलेल्या चाकाला गॅसची ज्योत लावणे तर स्फोटाला आमंत्रण आहे. तिथे आधी टायर उतरवला पाहिजे. सॉकेटला पाइप वेल्ड करून लांबी वाढवणे हाही त्याच जातीचा प्रकार, वेल्डिंगच्या शेजारचे पोलाद पूर्वीसारखे राहत नाही.

आणि नट आवळताना काय होते ते पाहा. मोटारीच्या नटाला साधारण 100 न्यूटन मीटर आणि ट्रकच्या 22 मिलिमीटरच्या स्टडला सुमारे 600 न्यूटन मीटर जोर लागतो. नेमका आकडा त्या-त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. एक इंची गनची ताकद याहून कितीतरी जास्त असते. तिनेच शेवटपर्यंत आवळले तर स्टड ताणला जातो, आणि तोच ट्रक पुढच्या वेळी आपल्याकडेच आला तर आपणच अति आवळलेला नट आपलेच सॉकेट फोडतो. गनने नट फक्त टेकवावा, शेवटचा जोर टॉर्क रेंचने (ठरवलेला जोर मोजून देणाऱ्या पान्याने) द्यावा आणि ट्रकवाल्याला 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यायला सांगावे. टॉर्क रेंच महाग वाटेल, पण संचासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून काही रक्कम तिकडे वळवता येईल. त्यातूनच आयएस 5983 या भारतीय मानकाचा छाप असलेले सुरक्षा चष्मे आणि कानात घालायचे प्लगही घ्यावेत, कारण ठोके मारणाऱ्या गनचा आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो.

ही खरेदी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी उरकावी. ट्रॉल्यांची रांग लागल्यावर सॉकेट फुटले की जे हाती येईल ते घ्यावे लागते. नवे सॉकेट आल्यावर पहिल्या दिवशी त्याचे चौकोनी भोक व्हर्नियरने मोजून आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. हंगामात अधूनमधून मोजले की झीज किती झाली ते कळेल आणि बदलण्याची वेळ नेमकी साधता येईल. चिरलेली, फाकलेली सॉकेट भंगारात टाकण्याआधी ग्राइंडरने त्यांच्या अंगाला आरपार खाच पाडावी, नाहीतर गर्दीच्या एखाद्या रात्री तुमचाच पोऱ्या तेच सॉकेट डब्यातून उचलून गनला चढवेल.